रंग न घेणाऱ्या पेशींचं गुपित

मुलांनो, एक बोट दोन भुवयांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी ठेवा. आता मनातल्या मनात तिथून सरळ आत जा, थेट डोक्याच्या मध्यापर्यंत. तिथं कवटीच्या तळाच्या हाडात एक छोटीशी खोबण आहे. तिचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं ‘तुर्की खोगीर’. या खोगिरात वाटाण्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी ऐटीत बसलेली असते. वजन म्हणाल तर साधारण अर्धा ग्रॅम. तांदळाचे वीस-पंचवीस दाणे तळहातावर घेऊन पाहा, तेवढं!

ही पियूषिका ग्रंथी. पियूष म्हणजे अमृत. आपल्याकडे किती छान नाव मिळालं बघा. युरोपात मात्र तिचं नाव पडलं ते चक्क शेंबडावरून! प्राचीन काळी गेलन नावाचा एक मोठा वैद्य होऊन गेला. मेंदूतला नको असलेला चिकट पदार्थ या ग्रंथीतून गाळला जातो आणि नाकात उतरतो, असं त्याचं म्हणणं. लॅटिन भाषेत त्या पदार्थाला ‘पिट्युइटा’ म्हणतात, म्हणून ही ‘पिट्युइटरी’. पुढे कितीतरी शतकं लोक हेच खरं मानत राहिले. हसू नका बरं! त्यांच्याजवळ पाहायला नुसते डोळेच होते. या वाटाण्याच्या पोटात काय चालतं हे माणसाला हळूहळू कळत गेलं. पाहायचं साधन जसजसं सुधारलं, तसतसं आणखी थोडं आतलं दिसलं. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी या ग्रंथीचं काम समजून घेऊ. शाळेत घंटा शिपाईमामा देतात, पण कोणता तास किती वाजता हे मुख्याध्यापक ठरवतात. पियूषिका ग्रंथी अशीच मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेली आहे. ती रक्तात वेगवेगळी रसायनं सोडते. त्यांना संप्रेरकं म्हणतात, इंग्रजीत हॉर्मोन. एक संप्रेरक हाडांना सांगतं, वाढा. दुसरं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला कामाला लावतं. तिसरं मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींना हुकूम देतं. चौथं, ज्याला प्रोलॅक्टिन म्हणतात, ते आईच्या अंगावर बाळासाठी दूध तयार करवतं. मुलगा किंवा मुलगी मोठी होताना शरीरात जे बदल होतात, त्यांचे निरोपही इथूनच निघतात. (मुख्याध्यापकांच्या वर शिक्षणाधिकारी असतात ना? तसा या ग्रंथीच्या वर मेंदूचा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. तो सांगेल तसं ही वागते.)

गंमत म्हणजे या ग्रंथीतल्या पेशींनी कामं वाटून घेतलेली असतात. वाढीचं संप्रेरक करणाऱ्या पेशी वेगळ्या, प्रोलॅक्टिन करणाऱ्या वेगळ्या. कधी कधी यांतल्या एखाद्या प्रकारची एक पेशी बिनसते. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी ती वाढत सुटते आणि तिथं गाठ तयार होते. गाठ म्हटलं की मोठ्या माणसांच्या पोटात गोळा येतो, म्हणून लगेच सांगून टाकते. पियूषिकेच्या बहुतेक सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. त्या अंगभर पसरत नाहीत. पण त्यांचा त्रास दोन तऱ्हांनी होतो.

पहिला त्रास जागेचा. या ग्रंथीच्या बरोब्बर वर दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. गाठ वर वाढली की या चौकावर दाब येतो आणि माणसाला दोन्ही बाजूंच्या कडांचं दिसेनासं होतं. समोरचं दिसतं, पण बाजूनं येणारी सायकल दिसत नाही.

दुसरा त्रास संप्रेरकाचा. ज्या पेशीची गाठ, तिचं संप्रेरक रक्तात वाजवीपेक्षा जास्त. वाढीचं संप्रेरक लहान वयात जास्त झालं तर मूल ताडमाड वाढतं. मोठ्या वयात झालं, तर हाडांची लांबी वाढायची थांबलेली असते, म्हणून हात, पाय, जबडा, नाक जाड होत जातात. बूट लहान होतात, अंगठी बोटात जाईना होते. या आजाराचं पहिलं नीट वर्णन पॅरिसच्या पिएर मारी या डॉक्टरांनी १८८६ साली केलं.

आता चार्ल्स बायर्नची गोष्ट ऐका. हा आयर्लंडचा मुलगा, जन्म १७६१ सालचा. वाढत वाढत तो साडेसात फुटांच्या वर गेला. १७८२ साली तो लंडनला आला. लोक पैसे देऊन त्याला बघायला यायचे. ‘आयरिश राक्षस’ म्हणून जाहिरात व्हायची! पुढच्याच वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी तो वारला. आपला देह समुद्रात सोडावा असं त्यानं मित्रांना सांगितलं होतं म्हणतात. पण जॉन हंटर नावाच्या नामांकित शल्यवैद्यानं पैसे मोजून तो देह मिळवला आणि सांगाडा आपल्या संग्रहात ठेवला. पुढे दोनशेहून अधिक वर्षं लंडनच्या संग्रहालयात तो सांगाडा काचेमागं उभा होता. मला विचाराल तर हे चूक झालं. मरणाऱ्या माणसाचा शब्द पाळायला हवा होता. २०२३ साली ते संग्रहालय दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं, तेव्हा सांगाडा तिथं मांडलेला नव्हता.

१९०९ साली अमेरिकेचे डॉक्टर हार्वी कुशिंग यांच्या समोर त्या सांगाड्याची कवटी उघडली गेली. तुर्की खोगिराची ती खोबण भलतीच मोठी झालेली दिसली! म्हणजे आत गाठ होती. बायर्नला जाऊन तोवर सव्वाशे वर्षं उलटली होती. त्याच वर्षी कुशिंगनी एका जिवंत रुग्णाच्या पियूषिकेच्या गाठीचा काही भाग शस्त्रक्रियेनं काढला आणि त्या रुग्णाच्या तक्रारी कमी झाल्या. ग्रंथी जास्त काम करते म्हणून आजार होतो, याचा हा मोठा पुरावा.

पण हाडातली खोबण फक्त एवढंच सांगते की गाठ केवढी होती. गाठीतल्या पेशी काय करत होत्या हे हाड कसं सांगणार? त्यासाठी काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला हवी.

आता इथं रंगांचं प्रकरण सुरू होतं. पेशी मुळात जवळजवळ पारदर्शक असतात. नुसत्या ठेवल्या तर काही दिसत नाही. म्हणून त्यांचा पातळ काप काढून तो रंगवतात. पियूषिकेचा काप रंगवला की तीन प्रकारच्या पेशी दिसायच्या. काही तांबडा-नारिंगी रंग घ्यायच्या, काही निळा-जांभळा, आणि काही कुठलाच रंग नीट घ्यायच्या नाहीत. या तिसऱ्यांना शास्त्रज्ञांनी नाव दिलं ‘क्रोमोफोब’, म्हणजे रंगाला भिणाऱ्या. तांबड्या पेशींची गाठ असली तर रुग्णाचे हातपाय वाढलेले असायचे. निळ्या पेशींच्या गाठींचा संबंध कुशिंगनी १९३२ साली दुसऱ्या एका आजाराशी जोडला. त्यात चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीक राहतात. आज त्या आजाराला त्यांचंच नाव आहे.

आणि रंगाला भिणाऱ्या पेशींच्या गाठी? खरं तर सर्वांत जास्त गाठी याच प्रकारच्या निघायच्या. पण त्या रंग घेत नाहीत म्हणून त्या काही बनवतही नाहीत, असं मानलं गेलं. अहवालात ‘निष्क्रिय’ असा शेरा! मुलांनो, असे शेरे लवकर पडतात आणि पुसायला फार वेळ लागतो. प्रगतिपुस्तकं लिहिताना मला हे कळतं.

पण एक गोष्ट डॉक्टरांना सारखी टोचत होती. रुग्णाचे हातपाय वाढलेले, जबडा पुढे आलेला, म्हणजे वाढीचं संप्रेरक भरपूर. आणि गाठ काढून रंगवावी, तर ती बिनरंगाची! पेशी जर काहीच करत नाहीत, तर मग संप्रेरक येतं कुठून?

तुम्ही म्हणाल, भिंग आणखी मोठं घ्यायचं! तिथंच तर अडतं. एक प्रयोग करा. वर्तमानपत्रातला एक फोटो घ्या आणि साध्या भिंगातून बघा. फोटो ठिपक्यांचा बनलेला दिसेल. आता आणखी मोठं भिंग घ्या. ठिपके मोठे दिसतील, पण दोन ठिपक्यांच्या मधली नवी गोष्ट काही दिसणार नाही, कारण ती फोटोत नाहीच. साध्या सूक्ष्मदर्शकाचं असंच होतं. तो प्रकाशानं पाहतो. प्रकाश लहरींचा असतो आणि त्या लहरींना स्वतःची लांबी असते. साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू त्यात वेगळ्या दिसतच नाहीत, मग भिंग कितीही वाढवा. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पेशीत संप्रेरकाचे जे बारीक कण साठवलेले असतात, ते बहुतेक १०० ते ६०० नॅनोमीटरचे. एका मिलिमीटरात ३०० नॅनोमीटरचे कण ओळीनं मांडले तर ३,३०० हून जास्त बसतील! असे कण पेशीत खच्चून भरलेले असले तर पेशी रंगीत दिसते, कारण रंग धरतात ते हे कणच. कण थोडे आणि बारीक असले तर पेशी बिनरंगाची दिसणार. कण आहेत, पण आपल्याला दिसत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

यावर तोड काढली एका तरुण जर्मन इंजिनियरनं. एर्न्स्ट रुस्का त्याचं नाव. बर्लिनमध्ये १९३१ साली त्यानं आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरून वस्तू मोठी करून दाखवली. काचेच्या भिंगांच्या जागी तारेच्या गुंडाळ्यांची चुंबकं. वेगानं धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची लहर प्रकाशापेक्षा लाखापेक्षा जास्त पटींनी आखूड असते, म्हणून फार बारीक गोष्ट पकडता येते. रुस्काचा भाऊ हेल्मुट हा डॉक्टर. हे यंत्र जीवशास्त्रासाठी वापरायचं, हा ध्यास त्याचा. एर्न्स्ट रुस्कांना या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं ते १९८६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी!

आता या यंत्राखाली गाठीचा तुकडा ठेवायचा म्हणजे काय काय करावं लागतं ते ऐका. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा जेमतेम एक मिलिमीटरचा तुकडा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा, ताबडतोब एका द्रावणात टाकायचा. उशीर चालत नाही, कारण शरीराबाहेर पेशी भराभर बिघडतात. या द्रावणानं आतलं सगळं आहे त्या जागी घट्ट बसतं. मग ऑस्मियम नावाच्या जड धातूच्या संयुगात तो भिजवायचा. तुकडा काळा पडतो. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, कारण यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते, तिथं पाणी चालत नाही. पाण्याच्या जागी पातळ रेझिन भरायचं आणि भट्टीत ठेवून ते कडक करायचं. आता तुकडा प्लॅस्टिकच्या छोट्या ठोकळ्यात कायमचा बंद झाला.

मग कापणं. साधं पातं इथं कामाचं नाही. ताज्या मोडलेल्या काचेची धार किंवा हिऱ्याची सुरी लागते. काप किती पातळ? साधारण ७० नॅनोमीटर! तुमच्या वहीचा कागद जर ०.१ मिलिमीटर जाड धरला, तर त्याच्या जाडीत असे १,४०० काप बसतील. हे काप हातात धरणार कसे? ते सुरीला लागून असलेल्या पाण्यावर तरंगू देतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात, तसे त्यांवर दिसतात. चंदेरी दिसला तर काप छान पातळ, सोनेरी चालेल, जांभळा दिसला तर जाड झाला, टाकून द्या. काप करणाऱ्याला हा रंगच सांगतो की जमलं का. मग तीन मिलिमीटर रुंदीच्या तांब्याच्या गोल जाळीवर तो काप अलगद उचलायचा. वर शिसं आणि युरेनियमच्या संयुगांची भर. हे जड धातू इलेक्ट्रॉन अडवतात, म्हणून जिथं धातू चिकटतो तिथं चित्र काळं येतं. या यंत्राला रंग नाहीतच. सगळं काळं-पांढरं-राखाडी. जिथं रंगांनी फसवलं, तिथं बिनरंगाच्या यंत्रानं खरं सांगितलं!

अमेरिकेत मेरिलिन फार्कर या संशोधिकेनं शिकत असतानाच, १९५३ साली, आपल्या मार्गदर्शकांबरोबर पियूषिकेच्या पेशी या यंत्रातून पाहिल्या. पुढे १९६६ साली तिनं आणि रॉबर्ट स्मिथ यांनी उंदरांत फार मजेची गोष्ट दाखवली. पिलांना दूध पाजणाऱ्या आईपासून पिलं दूर केली, की प्रोलॅक्टिनची गरज संपते. मग पेशी शिल्लक राहिलेल्या कणांचं काय करते? आपल्याच पोटात त्यांना पचवून टाकते. उरलेला माल गोदामात सडू देत नाही!

माणसाच्या गाठींचा असा कसून अभ्यास झाला तो कॅनडात, टोरांटोच्या सेंट मायकेल्स हॉस्पिटलमध्ये. मूळचे हंगेरीचे डॉक्टर कालमान कोव्हाक्स आणि त्यांच्या सहकारी एव्हा होर्वाथ यांनी १९७०च्या दशकापासून गाठींमागून गाठी तपासल्या. १०,००० पट मोठं केलेलं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एक पेशी जवळपास तळहाताएवढी. तिच्यातला ३०० नॅनोमीटरचा कण आता ३ मिलिमीटरचा, धण्याच्या दाण्याएवढा, काळाभोर गोल. मोजा किती आहेत ते!

आणि मग ‘निष्क्रिय’ गाठींचं बिंग फुटलं. रंग न घेणाऱ्या पेशींतही कण होते. फक्त थोडे आणि लहान. हातपाय वाढलेल्या रुग्णांच्या त्या बिनरंगी गाठींत वाढीचं संप्रेरक करणाऱ्याच पेशी होत्या. अशा गाठींना आता ‘विरळ कणांच्या’ म्हणतात, आणि तांबडा रंग घेणाऱ्यांना ‘दाट कणांच्या’.

पण कण थोडे तर संप्रेरकही थोडं, असं नाही का? नाही! रस्त्यावरची वडापावची गाडी आठवा. ताटात कधीच जास्त वडे दिसत नाहीत. म्हणून धंदा कमी आहे का? उलट, तळला की संपला. विरळ कणांच्या पेशीतही माल साठत नाही, तो तयार झाला की बाहेर जातो. हे कशावरून? तुमच्या दादा-ताईच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीतली आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल यांची चित्रं आहेत. एक माल बनवणारा कारखाना, दुसरं त्याच्या पुड्या बांधणारं खातं. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठींच्या पेशींत हे दोन्ही भाग खूप मोठे झालेले दिसतात. गोदाम रिकामं, कारखाना दिवसरात्र चालू! माणसाचं प्रोलॅक्टिन हे वेगळं संप्रेरक आहे हेच मुळी १९७०-७१ च्या सुमारास हेन्री फ्रीसन यांच्यासारख्यांच्या कामातून पक्कं झालं आणि मग ते रक्तात मोजता येऊ लागलं. तेव्हा कळलं की ‘निष्क्रिय’ म्हणून बाजूला ठेवलेल्या गाठींपैकी कितीतरी प्रोलॅक्टिनच्या होत्या. आज आपल्याला माहीत आहे, की संप्रेरक बनवणाऱ्या गाठींत सर्वांत जास्त त्याच असतात. ज्या बायकांची पाळी बंद झाली होती, मूल होत नव्हतं, त्यांच्या दुःखाचं कारण असं सापडलं.

या गाठींत आणखी एक नवल दिसलं. पेशी आपला कण बाहेर टाकते तो एरवी रक्तवाहिनीच्या बाजूनं. बरोबरच आहे, टपाल पेटीतच टाकायचं! पण प्रोलॅक्टिनच्या गाठीतल्या पेशी कण भलत्याच बाजूला, शेजारच्या पेशीच्या अंगावरही टाकताना दिसल्या. होर्वाथ आणि कोव्हाक्स यांनी १९७४ साली हे नोंदवलं. चित्रात दोन पेशींच्या मधल्या फटीत असा एखादा काळा कण दिसला, की पाहणारा लगेच ओळखतो.

वाढीच्या संप्रेरकाच्या विरळ कणांच्या पेशींची खूण वेगळी. त्यांच्यात बारीक धाग्यांचा एक गोळा असतो, लोकरीच्या गुंड्यासारखा. थायरॉइडला हुकूम देणाऱ्या पेशींचे कण फार लहान, आणि ते पेशीच्या कडेकडेनं रांगेत उभे. कुशिंगच्या आजारातल्या काही कणांना तर बदामाचा आकार!

तुम्ही विचाराल, एवढं ओळखून रुग्णाला काय मिळालं? दाट कणांच्या गाठी साधारणपणे सावकाश वाढतात आणि ऑक्ट्रिओटाइडसारख्या औषधांना चांगली दाद देतात. विरळ कणांच्या गाठी बहुधा तरुण माणसांत, मोठ्या आणि आजूबाजूला घुसणाऱ्या, औषधाला कमी दाद देणाऱ्या. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कुणावर जास्त लक्ष ठेवायचं, हे ठरवायला त्या काळ्या ठिपक्यांची मदत होते.

आणि ब्रोमोक्रिप्टिनची गोष्ट. या गोळ्या दिल्या की प्रोलॅक्टिनच्या मोठमोठ्या गाठी आपोआप लहान होत. दाबलेल्या डोळ्यांच्या नसा मोकळ्या होत, दिसायला लागे. शस्त्रक्रिया न करता! पण हे घडतं कसं? पेशी मरतात का? १९८२ साली टिंडल, कोव्हाक्स, होर्वाथ आणि थॉर्नर यांनी गोळ्या घेतलेल्या रुग्णांच्या गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं तपासल्या. एकेक पेशीच आक्रसून गेली होती. कारखाना आटला होता, पुड्या बांधायचं खातं बारीक झालं होतं. पेशी लहान, म्हणून गाठ लहान. यातूनच हेही समजतं, की डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या तर गाठ पुन्हा का फुगते. पेशी तिथंच असतात, रोडावलेल्या.

प्रत्येक कोडं सुटलं असं मात्र नाही हं. १९८० साली याच टोरांटोच्या मंडळींनी काही गाठी दाखवल्या, ज्यांच्या पेशी हुबेहूब कुशिंगच्या आजारातल्यासारख्या, आत कणही तसेच. आणि रुग्णाला मात्र त्या आजाराचं एकही लक्षण नाही! त्यांना ‘मुक्या’ गाठी म्हणतात. पेशी माल बनवते आहे, पण शरीराला त्याचा पत्ता नाही.

आज दवाखान्यात प्रत्येक गाठ या यंत्राखाली जात नाही. काम महाग, वेळखाऊ, आणि खसखशीएवढ्या तुकड्याच्या एका कापात गाठीचा फारच थोडा भाग दिसतो. आता प्रत्येक संप्रेरकाला नेमकं जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं मिळतात. ती वापरली की साध्या सूक्ष्मदर्शकातही कळतं, कोणत्या पेशीत काय आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या गाठींचं वर्गीकरण बदललं. त्यात पेशी कोणत्या घराण्यातली, हे तिच्यातल्या खास प्रथिनांवरून ओळखतात. पण ‘दाट’ आणि ‘विरळ’ हे शब्द तिथंही राहिले आहेत, आणि धाग्यांचा तो गुंडा शोधायला एक वेगळी रंगक्रियाही आहे. फार अवघड गाठ आली तर आजही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला हाक मारतात.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. हे वाचून वर्गातल्या उंच मुलाकडे संशयानं पाहू नका. उंच मुलं बहुतेक करून आई-वडिलांवर गेलेली असतात. ही गाठ मुलांत क्वचितच होते. पण शाळेत आम्ही उंची-वजन घेतो, तो तक्ता नुसता सही करून परत पाठवू नका. मागच्या नोंदींशी ताडून बघा. जे मूल वर्षानुवर्षं एका चालीनं वाढत होतं, ते अचानक भराभर वाढायला लागलं किंवा वाढायचंच थांबलं, तर डॉक्टरांना दाखवा. डोकं सारखं दुखतं आणि बाजूचं दिसत नाही अशी तक्रार असली तर लगेच. बायर्नच्या वेळी यावर काही उपाय नव्हता, आज आहे. नाकाच्या वाटेनं आत जाऊन, कवटी न उघडता, ही गाठ काढतात.

जाता जाता एक शंका. तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच, की त्या चित्रातल्या पेशी जिवंत असतात का? नाही. पाणी काढलेलं, रेझिन भरलेलं, निर्वात पोकळीत ठेवलेलं, तिथं जिवंत काय राहणार! द्रावणात पडली त्या क्षणी पेशी जशी होती, तशी ती थिजते. पळता पळता ‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर तुम्ही थांबता ना, एक पाय हवेत, तशी. म्हणून कधी कधी चित्रात असाही कण सापडतो, जो पेशीच्या कडेला फोडून अर्धा बाहेर आलेला आहे आणि अर्धा अजून आतच आहे.